रबराच्या झाडाची नऊ पानं

"तुमच्या त्या उंच आजोबांना सांगा, आता या चौथ्या झाडाला तरी पाणी बेतानं घाला," खताच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकता टाकता फुलवाली म्हणाली. मिरानने पिशवीसाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "कुठले उंच आजोबा?" तिने विचारलं. "तेच हो, सात नंबरच्या इमारतीतले, खाकी टोपीवाले. दर वेळी मोबाइलमधला फोटो माझ्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, अगदी असंच दाखव, याहून लहान नको, मोठंही नको. फोटोत तुमची बाही दिसते ना, हेच हिरवं जाकीट. म्हटलं, वृद्ध सेवा केंद्राच्या ताईच असणार." "रबराचं झाड?" "रबराचंच. एकदा मी विचारलं, आजोबा, झाडं खाता की काय? तर म्हणाले, शेजाऱ्यांना भेट देतो. असा शेजारी मला मिळाला असता तर!" फुलवाली हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या शेवंतीला कागद गुंडाळू लागली.

मेट्रोच्या जिन्यातून माणसं वर येत होती आणि मिरानला वळसा घालून पुढे जात होती. सकाळचे साडेदहा झाले होते. मंगळवार होता, आणि मंगळवारी पावणेअकराला सात नंबरमधल्या नो गीसप यांच्या घराची बेल वाजवायची, हे मार्चपासून ठरलेलं होतं. एकट्या राहणाऱ्या चौदा म्हाताऱ्या माणसांकडे तिला आठवड्यातून एकदा जायचं असे. केंद्राने प्रत्येकाला एक झाड दिलं होतं आणि योजनेचं नाव ठेवलं होतं 'सोबतीचं झाड'. घरी गेलं की झाडाचा फोटो काढायचा, पानं मोजायची, माती बोटाने चाचपायची, आणि मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये खाली एक ओळ माणसाबद्दल लिहायची. झाड ठीक असेल तर माणूस ठीक असतो, असं कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं. पण फॉर्ममध्ये झाडासाठी अकरा रकाने होते आणि माणसासाठी एक. महिन्याभरातच ती अकरा रकाने भरायची आणि बारावा त्यांवरून उतरवायची. चौथं, असं फुलवाली म्हणाली होती. म्हणजे केंद्राचं धरून चार मेली. चार झाडं मेली आणि मिरानच्या फॉर्ममध्ये मार्चपासून एकही झाड मेलं नव्हतं.

ती चालू लागली. सात नंबरची इमारत फर्लांगभर लांब होती आणि वाटेत दुतर्फा गिंकोची झाडं होती. त्यांची फळं पडायला सुरुवात झाली होती, आणि तो सडका वास टाळण्यासाठी लोक पाय जपून टाकत होते. मिरान मात्र सरळ चालत राहिली. झाड पहिल्यांदा नेलं त्या दिवशी त्याला नऊ पानं होती. तिने स्वतः मोजली होती, कारण गीसप यांनी मोजायला लावली होती. ते चाळीस वर्षं नकाशे काढण्याच्या कामात होते. नद्यांची आणि गावांची नावं त्यांनी हाताने लिहिली होती, आणि अजूनही कुठलीही गोष्ट ताब्यात घेताना ते आधी मोजत. "नऊ," ते म्हणाले होते, "आणि एक पान कोंबात आहे. कोंबातलं धरायचं नाही. नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल, आजोबांनी एक पान खाल्लं." त्याच दिवशी तिने त्यांना एकटेपणाची प्रश्नावली विचारली होती. गेल्या आठवड्यात कुणाशी पाच मिनिटांहून जास्त बोललात का? नाही. सकाळी उठावंसं वाटतं का? उठतो. वाटतं का, हे कुणी विचारत नाही. रात्री झोप लागते का? रेडिओला लागते. वीसपैकी सतरा. केंद्रातल्या कुणाच्याही यादीत इतका वाईट आकडा नव्हता.

मेमध्ये तो आकडा अकरावर आला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मिरानला हे आठवलं तसं तिचं पाऊल आणखी जड झालं, कारण सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. गीसप खरोखर सुधारले होते. त्यांनी दाढी करायला सुरुवात केली. व्हरांड्याच्या काचा पुसून घेतल्या. झाडाला ऊन कुठून येतं ते बघताना त्यांना खालचं मैदान दिसलं, मैदानात व्यायाम करणाऱ्या बायका दिसल्या, आणि ते त्यांना नावं ठेवू लागले. नावं ठेवणं हे मिरानच्या हिशेबी तब्येतीचं पक्कं लक्षण होतं. "थंडीत घराची फरशी तापवली की माझा घसा लाकूड व्हायचा," ते सांगायचे, "आता नाही होत. हे श्वास सोडतं, मी घेतो. मी सोडतो, ते घेतं. लग्नात सुद्धा इतकी बरोबर देवाणघेवाण नव्हती." ते रात्री झोपू लागले. कुणीतरी सकाळी आपल्यावर अवलंबून आहे, एवढ्यावर माणूस उठतो, हे मिरानने सव्वीस मंगळवार डोळ्यांनी पाहिलं होतं. केंद्रातल्या टीमप्रमुख यूनबाई, मिरानहून वीस वर्षांनी लहान, सगळ्यांना दाखवून म्हणाल्या होत्या, "पाहा, औषध नाही, डॉक्टर नाही, एक कुंडी." येत्या गुरुवारी प्रभाग कार्यालयात गीसप यांचीच गोष्ट सांगायची होती. सव्वीस फोटो, एकामागून एक, पडद्यावर. मिरानने ते काल रात्री क्रमाने लावले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. झाड वाढत होतं.

नऊ, नऊ, दहा, दहा. मग जूनच्या दुसऱ्या मंगळवारी तेरा. तेव्हा ती व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली होती, "अगंबाई, तीन नवी!" आणि फॉर्मवर लिहिलं होतं, 'झपाट्याने वाढ. आजोबांचा मूड उत्तम.' एका आठवड्यात तीन पानं. तिच्या आईच्या घरी अंगणात पीचचं झाड होतं, काकडीचा वेल होता. कुठलं झाड किती दिवसांत किती वाढतं हे तिला शाळेत जायच्या आधी कळत होतं. जुलैत तेराची अकरा झाली. खालची दोन गळली असतील, पावसाळी हवा, असं तिनेच ठरवलं आणि तिनेच लिहिलं. ऑगस्टमध्ये बारा, आणि खोड थोडं डावीकडे कललेलं. कुंडी तीच होती, पांढरी, कडेला केंद्राचा स्टिकर. स्टिकर तोच असला की झाड तेच, असं माणसाचं डोकं परस्पर ठरवून टाकतं. तिने खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं ते लिहिलं होतं, आकडे बरोबर होते. तिला ते आकडे आवडले होते म्हणून तिने त्यांना काही विचारलं नाही, एवढंच.

आईच्या वेळीही तिने असंच काही विचारलं नव्हतं. आई मोक्फोला थोरल्या बहिणीकडे होती आणि मिरान दर रविवारी फोन करायची. "जेवलीस का?" आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आवाज खणखणीत. "तू जेवलीस का?" "जेवले. माशाचं कालवण होतं. तुझं अंग दुखतंय का अजून?" दोन मिनिटं, कधी तीन. मिरान फोन ठेवायची आणि नवऱ्याला सांगायची, आई ठणठणीत आहे. शेवटच्या आजारात ती पोचली तेव्हा आई तिला ओळखत नव्हती. दीड वर्षापासून असं होतं, असं बहीण म्हणाली. "मग फोनवर?" मिरानने विचारलं. "फोनवर तेवढी दोन मिनिटं ती सगळं गोळा करून बसायची," बहीण म्हणाली. "रविवारी सकाळपासून विचारायची, आज तिचा फोन ना? मी काय काय बोलायचं? फोन झाला की दिवसभर झोपायची. तुला फोनवरची आई माहीत होती." बहिणीने हे रागाने म्हटलं असतं तर मिरानला उत्तर देता आलं असतं. ती भांडी पुसत पुसत म्हणाली होती. त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर मिरानने हे काम धरलं. का धरलं असं कुणी विचारलं की ती सांगायची, घराजवळ आहे.

अकराव्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. गीसप हातात पाण्याची झारी घेऊन उभे होते, ताठ, शर्टाची सगळी बटणं लावलेली. "या मिरानबाई. दोन मिनिटं उशीर. मी म्हटलं, केंद्राने तुम्हाला बढती दिली वाटतं, आता नाही येणार गरिबाकडे." "बढती कसली, आजोबा. वाटेत थांबले जरा." "बसा, बसा. याला तेवढं पाणी घालतो, सकाळपासून राहिलंय." ते व्हरांड्यात गेले. वाकून, झारीचं तोंड खोडाजवळ नेऊन त्यांनी सावकाश पाणी घातलं, नकाशावर शाई भरावी तसं. पाणी मातीत मुरलं नाही. वर तरंगलं आणि बशीत उतरलं. बशी आधीच भरलेली होती. झाड सरळ होतं, तजेलदार, बारा पानांचं, आणि सगळ्यात खालच्या पानाचा देठ पिवळा पडू लागला होता. खोलीत ओल्या मातीचा थोडा आंबूस वास होता. हा वास तिला जुलैपासून ओळखीचा होता. आत्तापर्यंत ती त्याला ताज्या मातीचा वास समजत होती.

व्हरांड्याच्या दाराशी बँकेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. गीसप यांनी झारी खाली ठेवली, खिशातून पेन काढलं आणि आजच्या चौकोनात एक रेघ ओढली. मोजदादीला सगळेच वापरतात ते पाच रेघांचं चिनी अक्षर. एक आडवी, एक उभी, असं करत पाच झाल्या की अक्षर पुरं होतं आणि पुढचं सुरू. आजच्या चौकोनात आता चार रेघा होत्या. मिरानने मागचे चौकोन पाहिले. काल एक अक्षर पुरं आणि वर दोन रेघा. रविवारी दोन अक्षरं. जुलैत तिने विचारलं होतं, हे काय मोजता? आणि ते म्हणाले होते, गुडघ्याचा व्यायाम. ती खूश झाली होती आणि 'नियमित व्यायाम' असं लिहून घेतलं होतं. कदाचित तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं असेल. समोर रेघा आहेत म्हणजे काहीतरी चांगलं चाललंय, असं दोघांनी मिळून मानून घेतलं होतं.

"नाशपाती कापतो," ते म्हणाले. "मुलीने पाठवलीत, चांगवनहून. चूसकला, पौर्णिमेच्या सणाला, येणार आहे या वर्षी, तीन दिवस. नातीला घेऊन. मी तिला म्हटलं, तू नुसती ये, सणाचं जेवण मी करतो. ती म्हणते, बाबा, तुम्ही फक्त गॅसला हात लावू नका." ते हसले. सालीची एकच लांब पट्टी त्यांच्या सुरीखालून निघत होती, कुठेही न तुटता. अशा हातांकडे पाहून कुणाला काय कळणार, असं मिरानच्या मनात आलं आणि लगेच तिला त्या विचाराची लाज वाटली. कळायला हात बघायचे नव्हते. "आजोबा," ती म्हणाली, "स्टेशनपाशी फुलवाली आहे ना, ती तुम्हाला विचारत होती."

साल तुटली. गीसप यांनी ती उचलून ताटलीच्या कडेला ठेवली. "बडबडी आहे ती बाई," ते म्हणाले. "दोन फुलं विकायची आणि दहा बातम्या फुकट." "झाडं तिच्याकडून आणलीत?" "पहिलं जूनमध्ये गेलं," ते म्हणाले. आवाजात चेष्टा राहिली नव्हती. "एका सकाळी बघतो तर सगळी पानं खाली. मंगळवार होता. तुम्ही येणार, फोटो काढणार, तुमच्या त्या कागदावर लिहावं लागणार, मेलं म्हणून. दर वेळी तुम्ही त्याची पानं पुसून जायचात. म्हटलं, बाईंच्या कामावर डाग नको. तासाभरात आणून लावलं. चोरी केल्यासारखी माती भरली." "आणि मग?" "मग काय. दुसरं आणलं. मला वाटतं, दोन आणली. का तीन?" ते तिच्याकडे पाहत होते. त्या नजरेत प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असेल अशी खरी अपेक्षा होती. "चार," मिरान म्हणाली. "हे चौथं बदललेलं. म्हणजे पाचवं." गीसप यांनी मान हलवली, दुसऱ्या कुणाबद्दलची माहिती मिळाल्यासारखी.

तिने कॅलेंडरवरच्या रेघांबद्दल विचारलं. ते उठून कॅलेंडरपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "म्हणून तर ओढतो," ते म्हणाले. "पाणी घातलं की लगेच ओढतो, चुकत नाही. पण नंतर बघतो ना, तेव्हा ती कालची वाटते. शाई वाळलेली असते. वाळलेली शाई आजची कशी असेल?" खालच्या मैदानातून बायकांच्या व्यायामाचं गाणं वर येत होतं. मिरान पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिच्या डोक्यात नकळत हिशेब चालला होता. जून, जुलै, ऑगस्ट, अर्धा सप्टेंबर. जूनमध्येच पाठवलं असतं तर स्मृतीच्या दवाखान्यात तपासणी झाली असती, गोळ्या सुरू झाल्या असत्या. गोळ्यांनी बरं होत नाही, पण उतार सावकाश होतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. साडेतीन महिन्यांचा उतार. त्यातला किती वाचला असता हे कुणी सांगू शकणार नव्हतं, आणि ते कधीच कळणार नाही हेच तिला सहन होत नव्हतं. एक झाड मरू द्यायला हवं होतं. त्यांनी तिच्यासाठी मरू दिलं नाही, आणि तिने स्वतःसाठी विचारलं नाही.

"तुम्ही कळवणार," गीसप म्हणाले. ते वळले होते. "कळवावं लागेल, आजोबा." "मला माहीत आहे पुढे काय होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या हामचं झालं तेच. आधी दवाखान्याची एक पोरगी येते, आज वार कोणता विचारते. मग मशीन. मग मुलीला फोन. मग मुलगी रडते, मग घर रिकामं करतात. हामच्या वृद्धाश्रमातल्या खोलीत सहा खाटा आहेत. खिडकी भिंतीवर उघडते." "सगळ्यांचं तसं होत नाही." "बहुतेकांचं होतं." बहुतेकांचं खरंच होत होतं. "नऊ दिवस आहेत चूसकला," ते म्हणाले. "नातीला या व्हरांड्यातून चंद्र दाखवतो म्हटलंय. नऊ दिवस थांबा. तेवढ्यात काय होणार आहे? मग तुमचं ते सगळं विचारा, वार विचारा, महिना विचारा, मी बसतो परीक्षेला." ते हसायचा प्रयत्न करत होते. "मी कधी तुमच्याकडे काही मागितलंय, मिरानबाई?"

नव्हतं मागितलं. उलट दिलं होतं. तिला वाटलं, हो म्हणावं. नऊच दिवस. गुरुवारी फोटो दाखवून होतील, टाळ्या होतील, मुलगी येईल, चंद्र बघून होईल, आणि त्यानंतरच्या मंगळवारी ती पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखं काही लिहील. कुणालाही कळणार नव्हतं. इतके महिने जे दोघांनी मिळून चालवलं ते आणखी नऊ दिवस. त्यात त्यांचं सुख होतं, तिचीही अब्रू होती, आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतली होती की आपण कशासाठी हो म्हणतोय हे तिला ओळखू येईना. स्वयंपाकघरात गॅसवर चहाची किटली होती. ती बंद आहे का, हे तिने बसल्या जागेवरून दोनदा पाहिलं. बंद होती. आज बंद होती. नऊ दिवस म्हणजे सत्तावीस वेळा जेवण, आणि दार उघडायला कुणी नाही.

"आधी मुलीला सांगू," ती म्हणाली. "आज. तुमच्यासमोर. तिला लवकर येता येत असेल तर येऊ दे, सणाच्या आधी. मग तपासणी. मी बरोबर येईन. आणि गुरुवारी मी तिकडे ते फोटो दाखवणार नाही. दाखवलेच तर काय आहे ते सांगून दाखवीन." बोलताना तिला ऐकू आलं की हे काहीच विशेष नाही. जूनमध्ये हे सगळं एका वाक्यात उरकलं असतं, आणि त्या वेळी कुणाचीही खोली पणाला लागली नसती. गीसप यांनी नाशपातीच्या फोडी ताटलीत गोल मांडल्या, मध्ये एक. मग ताटली तिच्याकडे सरकवली आणि उठले. चेहरा एकदम मोकळा झाला होता, यजमानाचा. "खा, खा," ते म्हणाले. "माफ करा हं, तुम्ही आल्यापासून बोलतच बसलो. याला पाणी घालायचं राहूनच गेलं."

त्यांनी झारी उचलली होती. मिरानच्या जिभेवर जुनं वाक्य आलं, किती काळजी घेता हो त्याची. ते तिने गिळलं. ती उठून व्हरांड्यात गेली आणि तिने त्यांच्या मनगटाला हात लावला. झारी कलंडली, थोडं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. "झालंय, आजोबा," ती म्हणाली. "आजचं झालंय. मी आले तेव्हाच घातलंत."

"मी?"

"हो. माझ्यासमोर."

त्यांनी बशीकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती थट्टा करते आहे का हे ते शोधत होते. नाही, हे कळलं तेव्हा त्यांनी झारी तिच्या हातात दिली. ती जड होती, काठोकाठ भरलेली. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" गीसप यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मिरान झारी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. खाली मैदानातलं गाणं संपलं आणि बायका घरी निघाल्या.